वाचकांचे प्रश्न : दुर्बीण लावेपर्यंत पक्षी गायब!

प्रश्न : पक्षीनिरीक्षणासाठी १०×५० ची दुर्बीण घेतली. पण ती डोळ्यांना लावेपर्यंत पक्षी हरवतो, सापडला तर पुसट दिसतो. मला चष्मा आहे. काय चुकतंय?

उत्तर : पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दहापटीत हाताची थरथरही दहापट दिसते, म्हणून नवशिक्यांना ८×४२ बरी. आहे ती मात्र बदलू नका. कोपरं छातीच्या बरगड्यांना टेकवून धरा.

आता पुसटपणा. दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत दोन्ही नळ्या जवळ-लांब करा. मग लांबच्या एखाद्या पाटीकडे रोखून उजवं पुढचं भिंग तळहाताने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करून घ्या. त्यानंतर डावं भिंग झाका. या वेळी चाकाला हात लावायचा नाही, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची (बहुतेक दुर्बिणींत ती तिथेच असते). पुढे फक्त चाक. चष्मा असल्याने डोळ्यांकडचे रबरी कप पूर्ण आत घ्या, नाहीतर मधलाच भाग दिसतो.

आणि पक्षी हरवतो तो मान खाली घालून दुर्बीण शोधल्यामुळे. नजर पक्ष्यावरच खिळवून दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. आधी न उडणाऱ्या गोष्टींवर सराव करा, एखादी वाळकी फांदी चालेल.

प्रश्न : ओळखताना आधी काय बघायचं? रंग?

उत्तर : रंग सगळ्यात शेवटी. उजेड पक्ष्यामागे असला की कुठलाही पक्षी काळाच दिसतो, शिवाय मादी आणि पिल्लं पुष्कळदा नरासारखी नसतात. सूर्य पाठीशी घ्या आणि आकार चिमणी, साळुंकी, कावळा या मापांत बसवा. मग चोच : आखूड, जाड असेल तर दाणे फोडणारा, बारीक टोकदार असेल तर बहुधा किडे टिपणारा. शेपटी, डोळ्यावरची भुवई, पंखावरचे पट्टे जागीच टिपून ठेवा. पुस्तक त्यानंतर उघडायचं. आधी चित्र पाहिलं की न दिसलेला पट्टाही ‘दिसला होता’ असं वाटू लागतं.

प्रश्न : मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावला तर?

उत्तर : नको. नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो आणि तो खाणं, घरटं सोडून हाकलायला धावतो. घरट्याजवळही हेच. पक्षी चोचीत अळी धरून बसलाय पण घरट्यात जात नाही, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. फांद्या बाजूला न करता मागे सरका. उघडं पडलेलं घरटं कावळे लगेच हेरतात.