यती घ्या, पण कर्ज काढून नको

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या जोडप्याच्या हातात मिळून दरमहा 85,000 रुपये येतात. खर्च 50,000, एसआयपी 15,000, आपत्कालीन निधी 3.5 लाख. 2012 ची स्कोडा यती 4x4 डिझेल, 1,18,000 किमी चाललेली, 4.75 लाखांना मिळते आहे. त्यासाठी निधीतले 1.75 लाख आणि 3 लाखांचे वैयक्तिक कर्ज वापरावे का? घरात दुसरी गाडी नाही.

तुमची आवड चुकीची नाही. 2010 मध्ये औरंगाबादच्या कारखान्यात जुळणी होऊन ही गाडी बाजारात आली, तेव्हा तिची किंमत 15 लाखांच्या पुढे होती आणि सव्वाचार मीटर लांबीच्या पाचआसनी गाडीला एवढे पैसे मोजायला ग्राहक तयार नव्हता. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना मिळणारी करसवलतही तिच्या वाट्याला आली नाही. इकोस्पोर्ट 2013 ला आणि क्रेटा 2015 ला आली, आणि लहान एसयूव्हीचा बाजार खरा वाढला तो त्यानंतर. 140 पीएसचे दोन लिटर डिझेल, सहा गिअर आणि चारही चाकांना ताकद, हे सगळे आज वापरलेल्या गाडीत स्वस्त दिसते ते म्हणूनच. पण गाड्या मोजक्या विकल्या गेल्या, त्यामुळे सुटे भागही मोजकेच आहेत.

इंजिनाची काळजी कमी करा. तेच डिझेल लॉरा आणि सुपर्बमध्येही होते, त्यामुळे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक दोन्ही मिळतात. अडते ते हेडलॅम्प, बंपर, दरवाजे यांच्यापाशी. किरकोळ धडकेनंतरही भाग येईपर्यंत गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहू शकते. घरात एकच गाडी असेल तर ते दिवस रिक्षा-टॅक्सीने काढावे लागतील, आणि तो खर्च तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

आता कर्ज. एवढ्या जुन्या गाडीला बँका सहसा वाहनकर्ज देत नाहीत, म्हणूनच तुमचा विचार वैयक्तिक कर्जाकडे वळला. 3 लाख, 14 टक्के, 36 महिने धरले तर हप्ता साधारण 10,250 आणि एकूण व्याज 69,000 च्या आसपास. दरमहा शिल्लक राहणाऱ्या 20,000 पैकी निम्मे तिथेच जातात. निधी अर्ध्यावर येतो, म्हणजे सात महिन्यांच्या खर्चाची सोय साडेतीनवर. शिवाय 2012 ची नोंदणी 2027 ला 15 वर्षांची होते. त्या वेळी फिटनेस तपासणी, नूतनीकरण शुल्क आणि पर्यावरण कर हे सगळे हप्ते चालू असतानाच अंगावर येईल.

आणि दुरुस्ती? टायमिंग बेल्ट वॉटर पंपासह बदलल्याचे बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरा. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि सिलिंडर हेडचे काम निघते. क्लचसोबत ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे धक्के शोषणारे दुहेरी जड चाक असते. इंजिन नुसते चालू असताना खडखड येत असेल आणि क्लच दाबल्यावर ती बदलत असेल तर ते फ्लायव्हील संपत आले आहे. मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या हॅल्डेक्स कपलिंगचे तेल दर 60,000 किमीला बदलायचे असते, पण अनेक मालकांना ते माहीतच नसते. तेल जुने झाले की पंप जातो आणि मागच्या चाकांना ताकद मिळणे थांबते. डांबरी रस्त्यावर हे कळतही नाही, म्हणून स्कॅनर लावून बघा. चारही टायर सारखे झिजलेले असावेत. गाडी थंड असतानाच स्वतः चालू करा, मालकाला आधी गरम करू देऊ नका. या सगळ्यासाठी पहिल्या वर्षाचे 1.2 लाख वेगळे ठेवायला हवेत, आणि तुमच्या योजनेत ते नाहीत.

म्हणून ही गाडी, या किमतीला, या पैशांतून घेऊ नका. शिल्लक राहणारे 20,000 दीड वर्ष आवर्ती ठेवीत टाका, व्याज सोडून 3.6 लाख होतात. एसआयपी आणि निधीला हात लागत नाही. तेव्हा मालकाने फिटनेस करून आरसी पाच वर्षांसाठी नूतनीकृत केलेली यती शोधा. बेल्ट आणि हॅल्डेक्सची बिले हातात असतील तर 2.4 लाखांपर्यंत जा, उरलेले 1.2 लाख दुरुस्तीचे. रोजच्या कामाला दुचाकी नसेल, तर मात्र त्या पैशात सर्वत्र दुरुस्त होणारी साधी पेट्रोल गाडी आधी घ्या.

आता समोर असलेल्या मालकाला इसार देऊ नका. दिला असेल तर मालकीबदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होण्याआधी बेल्टचे बिल मागा.