वाटाड्या : त्सेचूची पहाट आणि कोयासानचं ताट

प्रश्न : मार्चअखेर भूतानला पारोचा त्सेचू, म्हणजे मुखवटा-नृत्यांचा बौद्ध उत्सव, बघायचाय. आम्ही दोघं, आई आणि 9 वर्षांचा मुलगा. नागपूरहून आगगाडीनं जमेल का? खर्च, कागदपत्रं?
– धरमपेठ, नागपूर

उत्तर : जमेल. हावड्याला उतरा, टॅक्सीनं सियालदह गाठा आणि रात्रीची कांचनकन्या पकडून हासीमाराला उतरा. हावड्याची गाडी लेट होते हे धरूनच चला, दोन गाड्यांत निदान पाच-सहा तास हवेत. हासीमाराहून जयगाव जवळच आहे. सरहद्दीच्या कमानीपलीकडे फुन्शोलिंग, म्हणजे भूतान.

आधार कार्ड तिथं चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, तेही मूळ प्रत. मुलाचा मूळ जन्मदाखला घ्या. भूतान पर्यटकांकडून घेतं ते शाश्वत विकास शुल्क भारतीयांना माणशी रात्रीला 1,200 रुपये, 6 ते 12 वयाला निम्मं. म्हणजे तुमचे रात्रीला 4,200, पाच रात्रींचे 21,000. हॉटेल आणि गाडी वेगळी.

त्सेचूची तारीख भूतानी पंचांगानं ठरते, दरवर्षी बदलते; ती पक्की झाल्यावरच तिकिटं काढा. मुखवट्यांची नृत्यं सगळे बघतात, पण खरा दिवस शेवटचा. त्या पहाटे गुरू रिनपोछेंचं, म्हणजे बौद्ध गुरू पद्मसंभवांचं, कित्येक मजली उंचीचं कापडी चित्र, थोंगद्रेल, उलगडतात आणि कोवळं ऊनही त्यावर पडू नये म्हणून लवकरच गुंडाळतात. हॉटेलचा नाश्ता करून निघणाऱ्यांच्या हाती फक्त गर्दी लागते. गाडीवाल्याला आदल्या रात्रीच पहाटे तीनची वेळ सांगून ठेवा. पारो 2,200 मीटरवर आहे. नागपुरात तेव्हा कूलर पुसायला काढलेले असतात, तिथं कानटोपी लागते. उत्सवाच्या अंगणात मात्र ती काढायची. बाह्या आणि पाय झाकलेले हवेत.

एक रात्र शेतघरात राहा आणि दोत्शो, म्हणजे दगडांचं गरम स्नान, मागा. सांगायचं दुपारीच, कारण नदीतले गोटे लाल व्हायला दोन-तीन तास जातात. लाकडी टबाच्या एका टोकाला भोकं पाडलेली फळी असते. गोटा तिच्या पलीकडे सोडतात, चर्रर्र होतं आणि ऊब झिरपत अलीकडे येते. पाण्यात आपल्या दवण्याच्या कुळातला पाला असतो. पाणी निवलं की हाक मारायची, आणखी एक गोटा येतो. आईंना रक्तदाब असेल तर पाय बुडवण्यापुरतंच ठेवा.

जेवणात एमा दात्शी येईल. त्यात मिरची ही फोडणी नाही, भाजी आहे. सावजी पचवणाऱ्यांनीही पहिला घास बेतानं घ्यावा. मुलासाठी केवा दात्शी, म्हणजे बटाटा आणि चीज.

प्रश्न : ओसाका-क्योटो ठरलंय. सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांचे हाल होतील का?
– प्रतापनगर, नागपूर

उत्तर : जपानात खरी अडचण मांसाची नसून दाशीची आहे. वाळवलेल्या माशाचं हे पाणी मिसो सूपमध्ये असतं, भाज्यांच्या तेम्पुराच्या चटणीतही असतं. ‘मांस नको’ म्हटलं तरी ते ताटात येतंच, कारण वाढणाऱ्याच्या लेखी ते मांस नव्हेच.

म्हणून एक रात्र कोयासानला. बौद्ध भिक्षू कोबो दाइशींनी 816 साली वसवलेल्या या डोंगरावर पन्नासेक मंदिरं पाहुणे ठेवतात. तिथलं शोजिन र्‍योरी, म्हणजे मंदिरातलं शाकाहारी जेवण, आपल्या चातुर्मासासारखं, कांदा-लसूण वर्ज्य. तिथली दाशी माशाची नव्हे, कोंबू शेवाळ आणि शिताके अळंबीची. तिळाचा गोमादोफू जरूर खा. नाव टोफूचं असलं तरी त्यात सोयाबीन नसतं. तरी आरक्षणातच ‘मासळीची दाशीही नको’ असं जपानीत लिहून द्या.

ओसाकातल्या नाम्बा स्टेशनहून नानकाई रेल्वेनं गोकुराकुबाशी, पुढं पाच मिनिटांची केबल कार. जेवण संध्याकाळी सहाच्या आसपास असतं, उशीर केलात तर उपास घडेल. दुपारी एकच्या आत नाम्बा सोडा. गादी जमिनीवर असते, तेव्हा गुडघ्यांसाठी खुर्ची आधी मागून ठेवा. न्हाणीघर सामाईक, कपड्यांविना, आणि आधी बाहेर अंग धुऊनच टबात उतरायचं. सासूबाईंना हे निघण्यापूर्वी नागपुरातच सांगा.