हुडिनीच्या मृत्यूनंतर त्याच्या जादूच्या सामानाचं काय झालं?

थोडक्यात सांगायचं तर पुस्तकं सुखरूप राहिली, सामानाची मात्र बरीच फरफट झाली.

सुटकेच्या प्रयोगांसाठी गाजलेला अमेरिकन जादूगार हॅरी हुडिनी ३१ ऑक्टोबर १९२६ ला डेट्रॉइटमध्ये वारला. जादू आणि भुताखेतांवरची त्याची जवळजवळ ४,००० पुस्तकं पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेली. तसं त्याने मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं.

सामान मिळालं भावाला, हार्डीनला. तोही जादूगारच. 'हार्डीनच्या मृत्यूनंतर हे जाळून टाका' अशी हुडिनीची इच्छा होती म्हणतात. हार्डीनने न जाळता त्यातलं बरंचसं सिडनी रॅडनर या तरुण संग्राहकाला विकून टाकलं. भावाचं ऐकलं नाही ते बरंच झालं, असं माझं मत.

त्यातच हुडिनीची ती प्रसिद्ध पाण्याने भरायची पेटी होती. महोगनी लाकडाची चौकट, पुढे जाड काच आणि झाकणातच पाय अडकवायचा खोडा. हुडिनीला त्यात उलटं सोडून वरून कुलपं लावायचे आणि तो त्यातून सुटून दाखवायचा. ही पेटी पुढे नायगाराच्या संग्रहालयात होती. १९९५ मध्ये तिथे आग लागली. पाण्याच्या पेटीला आग भोवली, बघा! लाकूड जळालं, धातूचा सांगाडा तेवढा उरला. त्यावरून ती पुन्हा उभी केली आणि आता ती लास व्हेगासला जादूगार डेव्हिड कॉपरफील्डच्या खासगी संग्रहात आहे.