दादासोबत व्हिएतनामला निघालीस ना? मग ऐक

आधी नोटा ओळखायला शीक. 20,000 आणि 5,00,000 डाँगच्या नोटा दोन्ही निळसर. दिवे मंद असले की हमखास गल्लत. हनोईत कॉफीच्या टपरीवर मी वीस हजारांची समजून पाच लाखांची नोट पुढे केली होती. ताईने मनगट धरलं म्हणून वाचले! तेव्हापासून मोठ्या नोटा तिच्याकडे, सुटे माझ्याकडे. तुम्हीही तसंच करा.

हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेने 1,726 किलोमीटर. एका दमात करू नका, अंग आंबून जातं. ह्युए ते दा नांग हा तुकडा मात्र दिवसाउजेडीच करायचा. दक्षिणेकडे जाताना समुद्र डावीकडे दिसतो. खिडकीवरून भांडण होणारच, आधीच वाटणी करून ठेवा.

शाकाहारी असाल तर जेवणाआधी 'चाय' एवढंच विचारायचं. तिकडे त्याचा अर्थ शाकाहारी; चहा नव्हे. नाहीतर साध्या भाजीतही माशाचा सॉस निघतो.

स्लीपर बसमध्ये चढतानाच चपला काढून पिशवीत घालाव्या लागतात, मोजे धुतलेले ठेव. आणि ई-व्हिसावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघ, दादाचंसुद्धा. तो बघणार नाही.