आत्महत्या केलेल्या माणसाचे तारण होते का?

आपल्या भावाने आत्महत्या केली आणि अंत्यविधीच्या दिवशीच एका नातलगाने ‘आता त्याला नरकच’ असे सुनावले. कॅथलिक श्रद्धा खरोखर असेच सांगते का, असा आपला प्रश्न आहे. नाही, तसे ती सांगत नाही.

पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) इस्राएलचा राजा शौल, दावीद राजाचा सल्लागार अहीथोफेल, येशूचा विश्वासघात करणारा शिष्य यहूदा अशा अनेकांनी स्वतःचा जीव घेतल्याच्या हकिगती आहेत, परंतु त्या कृत्यामुळे कोणी नरकात गेला असे एकाही ठिकाणी म्हटलेले नाही. अहीथोफेलाला त्याच्या वडिलांच्या कबरेत पुरले आणि शौलासाठी याबेश नगराच्या लोकांनी सात दिवस उपास केला, एवढेच शास्त्र नोंदवते. यहूदाविषयी येशूचे उद्गार कठोर आहेत खरे, पण ते विश्वासघाताबद्दलचे आहेत.

नरकाची धास्ती आली ती नंतरच्या युक्तिवादातून. ‘खून करू नको’ ही आज्ञा स्वतःच्या जिवालाही लागू होते, असे धर्मपंडित संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी मांडले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला पुष्टी देताना, या पापानंतर पश्चात्तापाला वेळच उरत नाही, असे म्हटले. पुढे 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. 1983 च्या संहितेतून ती तरतूद गेली, आणि आपल्या नातलगांच्या कानी बहुधा जुनीच शिकवण राहिली असावी.

आत्महत्या हे गंभीर पाप आहे, हे चर्च आजही म्हणते आणि मलाही ते सौम्य करून सांगायचे नाही. मात्र कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथातील परिच्छेद 2282 मानतो की गंभीर मानसिक विकार, तीव्र यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. आणि पुढचाच परिच्छेद सांगतो की अशा व्यक्तींच्या तारणाविषयी, म्हणजे पापातून मुक्ती मिळण्याविषयी, निराश होऊ नये, कारण केवळ देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. म्हणजे ‘वेळच उरत नाही’ या जुन्या आक्षेपाला चर्चनेच उत्तर दिले आहे. प्रोटेस्टंट पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनीही आत्महत्या करणारे नरकात जातातच हे मत नाकारले होते. अशा माणसाला ते रानात दरोडेखोरांनी मारलेल्या वाटसरूची उपमा देत, म्हणजे तो स्वतःच्या इच्छेने नव्हे तर दुसऱ्या शक्तीच्या हल्ल्याने मरतो.

एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून ‘माझा प्राण घे’ असे देवाला म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. त्या प्रसंगी त्याला दोषाचा एकही शब्द ऐकावा लागला नाही. मला या प्रसंगाचा फार आधार वाटतो.

भावासाठी मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) अर्पण करण्याची विनंती आपण निःसंकोच करावी. अशा मृतांसाठी चर्च प्रार्थना करते, हे धर्मशिक्षणग्रंथाच्या परिच्छेद 2283 मध्येच लिहिलेले आहे. आणि या दुःखात आपल्याही मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर कृपा करून आजच एखाद्या जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.