दादाचं बंद दुकान आणि माझा वॉर्ड

प्रश्न : मी नर्स आहे. दादाचं कोल्हापुरात महाद्वार रोडला कापडाचं दुकान. २०२१च्या जूनमध्ये कोरोनामुळं दुकानं बंद होती तेव्हा तो म्हणाला, "ही हुकूमशाही आहे." मी म्हणाले, "तुला गल्ल्यापुढं माणसं दिसत नाहीत." तेव्हापासून भाऊबीज बंद आहे. चूक कुणाची?

उत्तर : ताई, तुमच्या भांडणात प्रश्न दोन आहेत. तुमचा प्रश्न असा की, एकाच्या मोकळिकीनं दुसऱ्याचा जीव धोक्यात येत असेल तर सरकारनं अडवावं का? व्यक्तिस्वातंत्र्याचा कट्टर कैवारी जॉन स्टुअर्ट मिल, त्यानंही १८५९ मध्ये याला होकारच दिला होता. दादा विचारतो ते वेगळं आहे : अडवायचं ते किती, कुठवर आणि कुणाच्या खर्चानं?

त्या जूनमध्ये राज्यानं निर्बंधांचे पाच स्तर केले होते. चाचण्यांत किती टक्के बाधित निघाले आणि ऑक्सिजनचे किती बेड भरले, यावर स्तर ठरायचा, आढावा आठवड्याला व्हायचा. निकष जाहीर होते, म्हणून मी याला हुकूमशाही म्हणणार नाही. पण सुरुवातीला गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत सगळ्या जिल्ह्याला आकडा एकच धरला होता.

खरी उणीव कायद्यात आहे. साथरोग कायदा १८९७चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. २०२०च्या दुरुस्तीनं तुमच्यासारख्यांवर हात टाकणाऱ्याला शिक्षा आली. सक्तीनं बंद ठेवलेल्या दुकानाच्या भरपाईचं कलम त्यात नाही. आपल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड ठेवला, पण शिक्षण मोफतही केलं. सक्ती करणाऱ्यानं तिचा भार उचलावा, असं मला मनापासून वाटतं. दादाचं गाऱ्हाणं या बाजूनं ऐका.

भाऊबीजेची वाट बघू नका. एखाद्या रात्री दुकान वाढवायच्या वेळी जा आणि गल्ल्याचं ते वाक्य आधी मागं घ्या. मग विचारा, भाडं किती थकलं, कामगारांचे पगार कसे दिले, कर्ज काढलं का? मध्ये बोलू नका. त्याचं सांगून झालं की तुमच्या वॉर्डातलं सांगा. लशीचा विषय निघाला तर तो वेगळा ठेवा. कुणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये सांगितलं आहे. आणि "कोरोना खोटाच होता" असं तो म्हणाला, तर तो वाद त्या रात्री उकरू नका. चहा घेऊन या.