परिणाम आला नाही, म्हणजे मी नापास का?

"मॅडम, माझ्या प्रयोगात काहीच आलं नाही. बाकीच्यांचे पेपर निघतायत. मी पीएचडीच्या लायकीचीच नाही बहुतेक."

कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समध्ये, म्हणजे विचार, लक्ष, स्मरण यांच्यामागे मेंदूत काय घडतं या विषयात, संशोधन करणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा शब्द थोडेफार बदलतात, तक्रार मात्र हीच असते. त्यातल्या एकीबद्दल लिहिते, तिच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून.

मुलगी सोलापूरकडची. पुण्यात मानसशास्त्रात एमए केलं, जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) मिळाली आणि राज्याबाहेरच्या एका संस्थेत ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत संकेत नोंदवण्याच्या, प्रयोगशाळेत दाखल झाली. आजूबाजूला बहुतेक इंजिनियर. कोडिंग ती तिथेच रडतखडत शिकली. एका जुन्या शोधनिबंधात वीसेक जणांवर दिसलेला परिणाम तिला मोठ्या गटावर पाहायचा होता. होस्टेलच्या पोरांना "डोक्याला तेल लावून येऊ नका" म्हणून विनवायचं, टोपी चढवायची, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरायचं, उकाड्यात घाम आला की सिग्नल वाहवत जातो म्हणून एसीसाठी भांडायचं. एवढं करून परिणाम शून्य. वर दोन वर्षं भरत आलेली. तेव्हा कामाचं मूल्यमापन होतं आणि त्यावरच महिना ३७,००० ची फेलोशिप ४२,००० ची होते. घरचे विचारत होते, "अजून किती वर्षं?"

सुरुवातीला ती हेच सगळं सांगत राहिली. झोप का उडाली, ते मात्र उशिरा बाहेर आलं. गाइड म्हणाले होते, "जरा वेगळ्या पद्धतीने विश्लेषण करून बघ." तिने बघितलं. दोन जणांचा डेटा वगळला, वेळेची खिडकी (सिग्नलचा जो तुकडा मोजायचा तो) थोडी सरकवली, आणि एका रात्री पी-व्हॅल्यू ०.०४ आली, म्हणजे ०.०५ च्या रूढ मर्यादेखाली, परिणाम 'लक्षणीय' ठरवणारी. क्षणभर आनंद झाला, मग तिला स्वतःचीच किळस आली.

हे ऐकल्यावर माझ्या मते प्रश्नच बदलला. तिला अपयशापेक्षा हा मोह जास्त छळत होता, आणि तो कोणाशी बोलायची सोय नव्हती. या मोहाचे परिणाम तिच्याच विषयात नोंदलेले आहेत. विश्लेषणात अशी सैल मोकळीक घेतली, तर ठरावीक गाणं ऐकल्याने माणूस जवळजवळ दीड वर्षाने तरुण होतो हेही 'सिद्ध' करता येतं, असं २०११ मध्ये तीन संशोधकांनी मुद्दाम दाखवून दिलं होतं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांमध्ये परिणाम पुन्हा सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय ठरला. तिला हे पाठ होतं, परीक्षेत तिने लिहिलंही होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यातलं काहीच तिला लागू होत नव्हतं! हुशार मुलांमध्ये हे मी फार पाहते.

मी धीराचे शब्द वापरले नाहीत. तिला विचारलं, "तुझं गृहीतक आहे की प्रयोग फसला, कारण तुला काम येत नाही. हे खोटं असतं, तर डेटात काय दिसलं असतं?" विचार हेही गृहीतक मानून तपासायचे, ही मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांच्या उपचारपद्धतीतली जुनी रीत. संशोधकांना ती पटकन पटते, कारण ती त्यांचीच भाषा आहे.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "स्ट्रूप बघावं लागेल." तिच्या प्रयोगाच्या सुरुवातीला स्ट्रूपची चाचणी होती: 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला, आणि सांगायचा शाईचा रंग. इथे माणूस अडखळतो, हे १९३५ पासून इतक्या वेळा दिसलंय की ते दिसलं नाही तर गडबड प्रयोगात आहे असं समजावं. पुढच्या भेटीला ती आलेख घेऊनच बसली. अडखळणं स्वच्छ दिसत होतं. म्हणजे प्रयोग नीट चालवला गेला होता, सूचना लोकांना कळल्या होत्या, वेळेची नोंदही ठीक होती. जो परिणाम आला नव्हता, तो फार लहान असेल किंवा नसेलच.

मग गाइडशी काय बोलायचं याची आम्ही तालीम केली. "सर, तुमचं चुकतंय" असं म्हणायची गरज नव्हती. आधी ठरवलेलं विश्लेषण आणि नंतर केलेलं, असे दोन आलेख शेजारी ठेवायचे, आणि दुसऱ्यावर 'नंतर केलेलं' असं स्पष्ट लिहायचं. सर खूश झाले नाहीत. मूल्यमापन समितीने मात्र नमुन्याचा आकार कसा ठरवला एवढंच खोदून विचारलं, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं.

सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलेलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर आलेख बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालतो.

ती आता दुसरा प्रयोग करतेय. या वेळी विश्लेषणाची योजना डेटा गोळा करण्याआधीच तारखेसह नोंदवून ठेवली आहे. पहिल्या प्रयोगाचं प्रबंधात स्वतंत्र प्रकरण असेल. सर त्याला अजून 'प्राथमिक अभ्यास' म्हणतात, आणि त्या शब्दावरून त्यांचं भांडण चालू आहे.